सेमी-अकॉस्टिकच्या तारा बदलल्या, आता अँपवर दुसरी तार किंचाळते अन् पहिली-तिसरी दबली – जाणकारांनी बघा

सातपुडा_पायथा
राम राम मंडळी. घाई आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, शनिवारी आमचं स्नेहसंमेलन आहे, सहावी-सातवीच्या पोरींनी कानबाईची गाणी बसवली आहेत आणि त्यांच्या मागे गिटार मी धरणार आहे. महिनाभर पोरी मधली सुट्टी सोडून तयारी करताय, त्यामुळे हे नीट व्हायलाच पाहिजे.

गिटार दुकानात ज्याला सेमी-अकॉस्टिक म्हणतात ती आहे, म्हणजे पोट अकॉस्टिकसारखं पोकळच, फक्त वरच्या बाजूला प्रीअँपचा (आवाजाचा सिग्नल वाढवणारा) डबा, त्यात ट्यूनर आणि नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. तारा दीड वर्षाच्या झाल्या होत्या, काळ्या पडलेल्या, पहिल्या दोन-तीन पडद्यांपाशी तारेला खालून बोट लावलं तर चक्क खाचा लागायच्या. त्यात या हिवाळ्यात तीन भरीत पार्ट्यांना नेली गिटार, पऱ्हाटीचा धूर, भरताच्या तेलाचे हात, तसंच वाजवायचं अन् तसंच कव्हरमध्ये घालायचं. आवाज पार मेला होता.

तर काल रात्री बसलो. सगळ्या तारा ढिल्या केल्या, पकडीने ब्रिजपाशीच (पोटावरच्या ज्या लाकडी ठोकळ्यात तारा अडकतात तिथे) कापल्या, त्याच्या भोकांतल्या पिना काढल्या, फिंगरबोर्ड पुसला, नव्या १२-५३ (पहिली, सगळ्यात बारीक तार १२ हजारांश इंच, सहावी, सगळ्यात जाड ५३) फॉस्फर ब्राँझ चढवल्या. नुसती हातात वाजवली तर इतकी सुंदर वाजते की घरचे उठून बाहेर आले. पण आज शाळेत अँपला लावली तर दुसरी तार एकटीच किंचाळते, पहिली आणि तिसरी जवळपास ऐकूच येत नाहीत, चौथी-पाचवी-सहावी बऱ्या आहेत. आधी असं कधीच नव्हतं. सेल नवा टाकून पाहिला, वायर बदलून पाहिली, फरक शून्य. काय चुकलं माझं?

केळीबाग_रावेर
भाऊ हे तारांमुळेच असेल असं मला वाटतं. माझ्या साध्या अकॉस्टिकला मी साउंडहोलमध्ये (पोटावरच्या गोल भोकात) बसतो तो पिकअप (तारांचा आवाज पकडून अँपला देतो तो) लावला आहे, त्याच्यावर ब्राँझच्या तारा लावल्या की दुसरी तार अशीच बोंबलते आणि तिसरी गायब. निकेलच्या लावल्या की बरं वाटतं. तुम्ही पण तारा बदलून बघा एकदा.

सर्किटवाला_अमळनेर
केळीबाग भाऊ तुमचं बरोबर आहे पण ते तुमच्या पिकअपपुरतं. साउंडहोलमध्ये बसतो तो बहुतेक करून चुंबकाचा असतो, त्याच्यासमोर लोखंड हललं की त्याला कळतं. पहिल्या दोन तारा नुसत्या पोलादाच्या, त्या त्याला भरपूर दिसतात. तिसरीपासून पुढे आत पोलादाची बारीक तार आणि वरून ब्राँझचं वेटोळं, आणि ब्राँझ चुंबकाला कळतच नाही, म्हणून आतली बारीक तारच काय ती मोजली जाते, अन् तिसरीची आतली तार तर सगळ्यात बारीक. म्हणून दुसरी मोठी आणि तिसरी लहान.

पण सातपुडा भाऊंची तक्रार नीट वाचा, त्यांची पहिली पण दबली आहे. पहिली तर अख्खी पोलादाची, चुंबकाचा पिकअप असता तर पहिली पण दुसरीसारखीच दणकून वाजली असती. प्रीअँपचा डबा अंगात बसवलेला आहे म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा पिकअप सॅडलच्या (ब्रिजवर तारा टेकतात त्या पांढऱ्या पट्टीच्या) खाली असतो, पिझोची पट्टी. तिला तार ब्राँझची आहे का निकेलची याच्याशी काही घेणंदेणं नाही, तिला फक्त दाब कळतो. तार हलली की सॅडल पट्टीवर कमी-जास्त दाबलं जातं, त्या दाबातून बारीक वीज तयार होते, ती प्रीअँप मोठी करतो. बस एवढंच.

आता यावरून साधा हिशोब सांगतो, सगळ्यांनीच लक्षात ठेवा. सगळ्याच तारा बारीक वाजताय किंवा आवाज फाटतोय तर आधी सेल बघायचा, मग वायर, मग जॅक. एक-दोनच तारा कमी वाजताय तर सेल बदलून काही होणार नाही, तिथे दाबाची गडबड आहे, म्हणजे त्या तारेखाली सॅडल पट्टीवर नीट टेकलेलं नाही. भाऊ, सॅडल काढलं होतं का?

पांझराकाठ
मी पण हेच विचारायला आले होते. धुळ्यात क्लास घेते, दर दोन-चार महिन्यांनी एक तरी पालक असंच घेऊन येतात, "मॅडम तारा बदलल्या अन् आवाज गेला". सर, तीन गोष्टी सांगा. सॅडल (ती पांढरी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) हलली किंवा निघाली होती का? निघाली असेल तर परत लावताना कोणती बाजू कुठे ते आठवतं का? आणि सगळ्या पिना पूर्ण खाली बसल्या आहेत का, की एखादी वर आली आहे? जमलं तर ब्रिजचा जवळून फोटो टाका, उजेडात.

सातपुडा_पायथा
ताई, सॅडल मी मुद्दाम नाही काढलं. सगळ्या तारा निघाल्यावर आतली धूळ झटकायला गिटार उलटी केली, तेव्हा ते आपोआप गळून पडलं, खाली गोधडी होती म्हणून वाचलं. त्याच्या वरच्या कडेला दुसऱ्या तारेपाशी एक खाच आहे, ती जशी आधी होती तशीच मागे पिनांकडे ठेवून लावलं, हे मी फोनमधल्या जुन्या फोटोवरून ताडून पाहिलंय. पिनांचं म्हणाल तर पहिल्या तारेची पिन थोडी वर वाटते, ट्यून करताना एकदा टप् करून उडाली पण होती, मग जोरात दाबून बसवली. फोटो टाकतोय.

भुसावळ_जंक्शन
मास्तर, फोटो पाहिला. पहिल्या तारेची पिन जोरात दाबून बसवली म्हणता तिथे तर एक चूक नक्की आहे. मी रेल्वेत होतो, नोकरीभर ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, आज वय ६८, पण ही पिनेची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, मी स्वतः ब्रिजखालची पट्टी खराब करून शिकलो, म्हणून सविस्तर लिहितो.

तारेच्या टोकाला जो पितळी मणी असतो, पुष्कळांना वाटतं की पिन त्या मण्याला वरून दाबून धरते. तसं नाही. मणी पिनेच्या टोकाखाली अडकला तर तार ताणली की मणी वर येतो अन् पिनेलाच वर ढकलतो, म्हणून तर ती टप् करून उडते. मणी बसला पाहिजे पिनेच्या बाजूला, आतल्या लाकडी पट्टीला खालून घट्ट टेकून. मग सगळा ताण ती पट्टी घेते आणि पिन फक्त त्याला जागेवरून सरकू देत नाही. असा बसला तर पिन बोटाने पण निघेल इतकी सैल राहिली तरी चालतं, उडणार नाही.

करायचं कसं, तर मण्यापासून अर्ध्या-पाऊण इंचावर तारेला हलका बाक द्यायचा, जास्त नाही, नाहीतर तुटेल. मणी भोकात सोडायचा, पिनेची खाच साउंडहोलच्या दिशेने तोंड करून पिन अर्धी आत घालायची, आणि आता एका हाताच्या अंगठ्याने पिन धरून दुसऱ्या हाताने तार वर ओढायची. ओढताना बोटाला कळतं, आधी मणी थोडा सरकतो आणि मग एकदम टक् करून पट्टीला लागतो, पुढे येत नाही. ते टक् झालं की पिन दाबायची. जोर लावायचाच नाही. मग फोनचा कॅमेरा साउंडहोलमधून आत धरून टॉर्च लावून एक फोटो काढा, सहाही मणी पट्टीला चिकटलेले एका ओळीत दिसले पाहिजेत. खाली लोंबणारा एखादा दिसला तर तोच चोर.

आणि पिना काढताना पकडीने उपटू नका कोणी. आधी तार पूर्ण ढिली, मग वाइंडरला (खुंट्या फिरवायच्या दांडीला) जी खाच असते तिच्यात अडकवून सरळ वर. निघतच नसेल तर साउंडहोलमधून हात घालून आतून नाण्याने वर ढकलायची. पकडीने काढलेल्या पिनांची डोकी तुटलेली मी कितीतरी पाहिली.

सर्किटवाला_अमळनेर
काकांनी लाखाची गोष्ट सांगितली. अन् याचा पिकअपशी पण संबंध आहे बरं का. मणी नीट बसला नाही की तार सॅडलवरून पिनेकडे उतरताना जो कोन व्हायला पाहिजे तो कमी होतो, कोन कमी म्हणजे खालचा दाब कमी, दाब कमी म्हणजे त्या तारेचा आवाज कमी. म्हणजे पहिल्या तारेचं कोडं कदाचित इथेच सुटतं. पण तिसरी का दबली ते यातून सुटत नाही. दुसरी जास्त आणि तिच्या दोन्ही बाजूच्या कमी, हे ऐकून मला वाटतंय की दुसऱ्या तारेच्या बरोबर खाली, सॅडल ज्यात बसतं त्या खाचेत काहीतरी अडकलं आहे आणि सॅडल त्या उंचवट्यावर उभं आहे. सी-सॉसारखं. उंचवट्यावर सगळा भार, आजूबाजूला पोकळी.

नवशिका_नंदुरबार
मध्येच विचारतो सॉरी. माझ्याकडे चुलत भावाची जुनी गिटार आहे तिला प्लास्टिकच्या तारा आहेत आणि ब्रिजला पिना नाहीत, तार गाठ मारून बांधलेली आहे. तिला स्टीलच्या तारा लावल्या तर आवाज मोठा येईल का? दुकानात पाकीट घेऊन आलोय.

पांझराकाठ
नाही, अजिबात लावू नका! ती क्लासिकल गिटार आहे, नायलॉनच्या तारांची. स्टीलच्या १२ नंबरच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या पुढे जातो, नायलॉनचा त्याच्या जवळपास अर्धा. तिच्या आतल्या लाकडी काड्या आणि ब्रिज तेवढ्या ओढीसाठी केलेलेच नसतात, आज नाही तर महिन्याने पोट फुगेल नाहीतर ब्रिज उखडून हातात येईल. पाकीट फोडलं नसेल तर बदलून आणा, क्लासिकल नायलॉन मागा. शिकायला बोटांना तीच बरी आहे, आवाज लहान असतो म्हणून नाराज होऊ नका.

नवशिका_नंदुरबार
बरं झालं विचारलं. धन्यवाद ताई, उद्याच बदलतो.

सातपुडा_पायथा
सगळ्यांचे आधी आभार मानतो आणि मग सांगतो काय सापडलं ते.

रात्री जेवण झाल्यावर परत बसलो. तारा कापल्या नाहीत, नव्या आहेत, सगळ्या सैल करून मणी भोकातून बाहेर काढले आणि वरच्या बाजूला खुंट्यांवर तशाच ठेवून दोरीने बांधल्या म्हणजे वेटोळं सुटणार नाही. सॅडल बोटांनीच वर आलं. खाली खाच, साधारण तीन मिलिमीटर रुंद, तळाशी एक चपटी काळसर पट्टी, तिचं एक टोक खाचेच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकातून आत पोटात गेलेलं. तीच पिझो. ती मी ओढली नाही, फक्त एका टोकाला कागदाच्या पट्टीने किंचित उचलून खाली टॉर्च मारला.

आणि दुसऱ्या तारेच्या बरोबर खाली, पट्टीच्या पोटाखाली, तारेचा एक तुकडा. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, चमकदार, एका बाजूला पकडीने कापलेली तिरपी कड. माझ्याच जुन्या पहिल्या तारेचा. ब्रिजपाशी तारा कापताना उडाला असणार, अन् सॅडल गळून पडलं तेव्हा पट्टी पण थोडी वर आली असणार, तिथे तो खाली शिरला आणि मी वरून सॅडल दाबून बसवलं. तेवढ्याशा दाण्याने अख्ख्या आवाजाचा घात केला.

रंगकामाच्या कोरड्या मऊ ब्रशने खाच साफ केली, पट्टी बोटाने सरळ सपाट बसवली, सॅडल लावलं. मग काकांनी सांगितलं तसं एकेक मणी. टक्! तो आवाज, तो बोटाला लागलेला धक्का, सहा वेळा. काका, पहिल्या तारेचा मणी खरंच पिनेच्या टोकाखाली अडकलेला होता, पिनेचं टोक त्याने चेपलेलं दिसतंय. फोटो टाकतो. घरी अँप नाही, उद्या शाळेत लावून सांगतो.

भुसावळ_जंक्शन
फोटो पाहिला, सहा मणी ओळीत. शाबास मास्तर.

सर्किटवाला_अमळनेर
एकदम बेस. उद्या लावाल तेव्हा आधी सगळ्या तारा पूर्ण सुरात आणा, मगच आवाज तपासा, अर्ध्या ताणावर दाब पूर्ण येत नाही आणि उगाच शंका येते. तरी पण एखादी कमी वाटलीच तर आवाज बारीक ठेवून पेन्सिलच्या मागच्या टोकाने सॅडलवर प्रत्येक तारेशेजारी हलकं टिचकी मारा, सहाही जागी सारखा ठक् आला पाहिजे.

अन् पुढच्यासाठी सगळ्यांनाच सांगतो, सॅडलचा तळ कधी घासायची वेळ आली तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याच्यावर सरळ धरून घासायचा. हातात धरून कानशीने घासलं की तळाला पोट येतं आणि मग तारेचा तुकडा नसताना पण हाच त्रास सुरू होतो.

केळीबाग_रावेर
यावरून माझा जुना प्रश्न. तारा सगळ्या एकदम काढाव्या की एक काढून एक लावावी? आमच्याकडे एक जण म्हणतो सगळ्या काढल्या तर मान वाकडी होते.

पांझराकाठ
एखाद-दोन तास सगळ्या काढून ठेवल्या तर मानेला काही होत नाही, आतला ट्रस रॉड (मानेतली लोखंडी कांब) आणि लाकूड इतकं नाजूक नसतं. पण तरी मी मुलांना एकेकच बदलायला सांगते, आणि त्याचं कारण मान नाही, कारण आज या धाग्यात घडलं तेच आहे. पाच तारा सॅडलला दाबून धरतात तोवर ते हलत नाही, गळत नाही, त्याच्याखाली काही शिरत नाही. पिकअपवाल्या गिटारीला ही पद्धत जास्त बरी. मँडोलिन-व्हायोलिनवाल्यांनी तर एकेकच बदलावी कारण तिथे घोडी नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. वर्षातून एकदा फिंगरबोर्ड नीट पुसायचा असेल तेव्हा सगळ्या काढा, पण सॅडलवर चिकटपट्टीचा एक तुकडा आडवा लावून ठेवा, झटकली तरी पडणार नाही. चिकटपट्टी रंगकामवाले वापरतात ती कागदी, दुसरी लावली तर पॉलिश निघेल.

आणि सर, रागवू नका पण तारा ब्रिजपाशी कापायच्या नाहीत. कापायच्याच तर पूर्ण ढिल्या करून साउंडहोलवर मधोमध, खाली फडकं पसरून, तुकडे लगेच डबीत. मला तर न कापता खुंटीवरून सोडवून गोल गुंडाळून काढायला आवडतं. ताणलेली तार कधीही कापू नका, झटका बसून डोळ्याला लागू शकते. आणि जमिनीवर तुकडे राहिले तर लहान पोरं अनवाणी फिरत असतात घरात.

केळीबाग_रावेर
फिंगरबोर्डला तेल कोणतं? आई म्हणे खोबरेल लाव.

भुसावळ_जंक्शन
खोबरेल, शेंगदाणा, सरकी, घरातलं खायचं कोणतंच तेल नको. ते लाकडात बसून खवट होतं, चिकट राहतं, धूळ धरतं, अन् नव्या तारेला महिनाभरात मळवतं. गिटारीसाठीचं लेमन ऑइल मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब फडक्यावर, पुसायचं, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने काढून टाकायचं. ते पण रोजवूड-एबनीसारख्या काळपट, बिनपॉलिशच्या लाकडालाच. पिवळट मेपलवर पॉलिश असतं, त्याला नुसतं ओलसर फडकं पुरतं.

आपल्या भागात लाकडाला तेलापेक्षा उन्हाळा जास्त खातो हे ध्यानात ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क. लाकूड आकसतं, पडद्यांची टोकं मानेच्या कडेला हाताला टोचायला लागतात. मग माणसं गिटार कूलरच्या समोर ठेवतात, तिथे दिवसभर ओला वारा, रात्री कूलर बंद, परत कोरडं. हे ओलं-कोरडं जास्त वाईट. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सोसते, म्हणून कव्हरमध्ये घालून आतल्या खोलीत, भिंतीला उन्हं लागत नाही तिथे उभी ठेवा. आणि उन्हात उभ्या गाडीत तर कधीच सोडू नका, माझ्या एका मित्राच्या गिटारचा ब्रिज तसाच दुपारी दोन तासांत मागच्या बाजूने उचलला, डिंक पातळ होतो तापून.

सातपुडा_पायथा
ताई, रागावण्यासारखं काय त्यात, बरोबर बोललात. शाळेत लावली. सहाही तारा सारख्या! टिचकीची परीक्षा पण केली, सहाही जागी ठक्. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

आता दोन लहान गोष्टी राहिल्या. नव्या तारा सारख्या उतरताय, दोन गाणी झाली की सूर खाली. आणि शाळेच्या अँपवर जोरात वाजवलं की आवाज फाटतो, चर्र होतो.

पांझराकाठ
उतरण्याचं बरंचसं कारण खुंटीवरच्या वेटोळ्यात असतं. जाड तारांना दोन-तीन वेढे, बारीक दोघींना तीन-चार, वेढे वरून खाली एकाखाली एक, एकावर एक चढलेले नकोत. त्यासाठी तार खुंटीपर्यंत ताणून मग साधारण दोन इंच ढिली सोडायची आणि पिळायला लागायचं. तुमचे वेढे बरे असतील तर आता फक्त ते बसवायचे आहेत. बाराव्या पडद्यापाशी तारेखाली बोट घालून हलकं वर ओढा, दोन-तीनदा, परत सुरात लावा, परत ओढा. चार-पाच वेळा केलं की थांबते. आणि सुरात लावताना नेहमी खालून वर यायचं. वर गेलीच तर आधी खाली उतरवून मग परत वर चढवायची, नाहीतर खुंटीच्या दातांत ढील राहते आणि दोन मिनिटांत सूर घसरतो.

सर्किटवाला_अमळनेर
फाटण्याचं बघा, वायर माईकच्या इनपुटला लावली असणार. माईकचा सिग्नल अगदी बारीक असतो म्हणून तो इनपुट फार संवेदनशील असतो, तुमचा प्रीअँप त्यामानाने खूप मोठा सिग्नल देतो. ऑक्स किंवा लाईन असं लिहिलेला इनपुट शोधा आणि गिटारचा व्हॉल्यूम निम्म्याच्या वर ठेवून अँपवर कमी-जास्त करा. माईकवरच लावायची वेळ आली तर गिटारचा व्हॉल्यूम पाव भागावर आणा.

कार्यक्रम झाला की वायर गिटारीतून काढून ठेवायची. बहुतेक गिटारींमध्ये पिन जॅकमध्ये गेली की प्रीअँप चालू होतो, अँप बंद असला तरी. रात्र-रात्र लावून ठेवली तर सेल लवकर बसतो.

सातपुडा_पायथा
माईकलाच लावली होती. ऑक्स आहे मागच्या बाजूला. वायर पण रात्रभर तशीच होती परवा, म्हणजे सेल जुना लवकर का गेला ते पण कळलं.

केळीबाग_रावेर
पुढच्या वेळी तारा कोणत्या घ्याव्या म्हणता? मी डॅडारिओच्या लावतो, ते बरं पडतं कारण मण्यांना रंग असतात, पहिली चांदीसारखी, दुसरी जांभळी, तिसरी हिरवी, चौथी काळी, पाचवी लाल, सहावी पितळी. अंधारात पण चूक होत नाही.

भुसावळ_जंक्शन
मास्तरांना १२-५३ फॉस्फर ब्राँझ लावल्यात त्याच ठेवू द्या. पोरांना बोटं दुखत असतील तर ११ किंवा १० चा सेट. फॉस्फर ब्राँझमध्ये तांबं जास्त अन् थोडं कथील, आवाज गोड, भरीव, गाण्याच्या मागे चांगला. दुसऱ्या ८०/२० म्हणून मिळतात, ८० टक्के तांबं २० टक्के जस्त, त्या सुरुवातीला जास्त खणखणीत पण लवकर काळ्या पडतात असा माझा अनुभव. घाम ज्यांच्या हाताला जास्त येतो त्यांनी वरून बारीक थर दिलेल्या, कोटेड घ्याव्या, महाग पडतात पण टिकतात. तुमच्या घरी भरीत पार्ट्या चालणारच, तर हात धुऊन वाजवा आणि वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पण पुसा. खालून कोणी पुसत नाही, गंज तिथूनच सुरू होतो.

सातपुडा_पायथा
शनिवार झाला. आत्ता घरी आलो, साडेअकरा वाजले, झोप येईना म्हणून लिहितो.

मैदानात दीडदोनशे माणसं होती, पाड्यांवरून आया-आज्या आल्या होत्या. पोरींनी पहिलं गाणं सुरू केलं तेव्हा मी मुद्दाम नुसती पहिली आणि दुसरी तार वाजवत होतो, त्यांच्या स्वराला धरून, आणि त्या दोन्ही तारा एकमेकींच्या शेजारी इतक्या सारख्या, इतक्या स्वच्छ बाहेर येत होत्या की मला तो तांदळाएवढा तुकडा आठवत राहिला. दुसऱ्या कडव्याला बायका आपोआप म्हणायला लागल्या. एक आजी पुढे येऊन बसली, माझ्या पायाशी, शेवटपर्यंत. कार्यक्रमानंतर म्हणे, "मास्तर, आते दरसाल वाजाडज्यात."

तो तारेचा तुकडा मी काडेपेटीत जपून ठेवलाय, सोमवारी सातवीला दाखवणार आहे, पिझो म्हणजे काय ते शिकवताना.

भुसावळ_जंक्शन
बठ्ठं बेस व्हयनं भो. मुलींना माझा आशीर्वाद सांगा. आणि ती चेपलेली पिन बदलून घ्या, पिनेचा सेट स्वस्त असतो, फक्त जुनी पिन सोबत घेऊन जा दुकानात, जाडी जुळली पाहिजे.

पांझराकाठ
सर, सातवीला दाखवाल तेव्हा पोरींच्या हातात गिटार पण द्या थोडा वेळ. कोणाला शिकायचं असेल तर मला सांगा, धुळ्याहून दर रविवारी येणं जमणार नाही, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस चोपड्याला नक्की येईन. माझ्याकडे दोन जुन्या नायलॉनच्या गिटारी पडून आहेत, त्या पण आणते.

सातपुडा_पायथा
ताई, आत्ताच पाच नावं आहेत माझ्याकडे. सोमवारी विचारून पक्का आकडा कळवतो.